थोरला गाल, धाकटा गाल

माझ्या मानेवर, मंगळसूत्र जिथं घासतं नेमकं तिथं, एक चामखीळ होती. ती काढायला सर्जनला पाच मिनिटं लागली. काढल्यावर त्या जागेचं काय करायचं, ह्यावर मात्र शिरूर आणि दौंड ह्या दोन तालुक्यांचं आजतागायत एकमत झालेलं नाही.

शिरूरच्या सर्जननं सांगितलं, "पाणी लागू देऊ नका. कोरडी ठेवा, खपली आपोआप पडेल." त्याच आठवड्यात मी दौंडला धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. जखमेच्या कडा लाल दिसत होत्या, म्हणून त्यांना दाखवली. त्या म्हणाल्या, "कोरडी कशाला ठेवलीत? रोज धुवा, वर मलम लावा, ओलसर राहू द्या." घरी आले तर बहिणीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो, हळदीची वाटी घेऊन तयारच होत्या. "ह्यात खोबऱ्याचं त्याल घातलंय. भर गपचिप."

मी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नटबोल्टची पेटी आली आणि सोबत तपासणीचा कागद नसला, तर मी ट्रक गेटच्या आत घेत नाही. ड्रायव्हर हिंदीत शिव्या देतो, मी मराठीत हसते. अशा बाईला एका जखमेवर तीन सल्ले आणि एकाचाही कागद नाही, हे झेपणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात.

"तिघांचं तीन तऱ्हेचं आहे. बरोबर कोण?"

"मी शिकले तसं सांगते. ते सर्जन शिकले तसं सांगतात."

"आणि आत्याबाई?"

"त्याही शिकल्यात तसंच सांगतायत की." बाई हसल्या. "ओलसर जखम लवकर भरते, एवढं बऱ्यापैकी तपासलेलं आहे. पण कोणतं मलम, किती दिवस, पट्टी हवी की नको, ह्यावर दर डॉक्टरचं वेगळं मत. डाग राहील का म्हणाल, तर आमच्या पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या माणसांचे. तुमच्यासारख्या कातडीवर काय होतं, ते आम्ही पेशंट बघत बघत शिकतो."

म्हणजे पेशंट हाच सॅम्पल. मला राग आला आणि बाई आवडल्याही. आमच्या कारखान्यात असं कोणी कबूल करत नाही.

बहिणीला ह्या बाईंकडे न्यायचं मी तिथंच ठरवलं. तिचं प्रकरण माझ्या चामखिळीपेक्षा बरंच मोठं होतं.

बहिणीचं दौंडात पार्लर आहे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला एक गाळा, एक खुर्ची, एक मोठा आरसा. पार्लरवालीचं तोंड म्हणजेच दुकानाची पाटी, हे तिचं आवडतं वाक्य. धाकट्या पोरीच्या वेळेला त्या पाटीवर वांग आला. दोन्ही गालांवर तपकिरी ढग. तिनं तिचा स्वतःचा लेप लावून पाहिला. मसूरडाळ, संत्र्याची साल, मुलतानी माती आणि हळद असा तो लेप ती डब्या भरून विकते. वांग हलला नाही. मग मेडिकलच्या दुकानातल्या माणसानं एक ट्यूब दिली. महिन्याभरात तोंड सोललेल्या अंड्यासारखं झालं. गिऱ्हाइकं विचारायला लागली, ताई, काय लावता? ताईंनी शांतपणे लेपाच्या डब्याकडे बोट दाखवलं. लेप धडाधड खपला.

पुढं त्या अंड्याचं ऑम्लेट झालं. उन्हात गेली की गाल पेटायचे, गॅसजवळ उभी राहिली की पेटायचे. ट्यूब दोन दिवस थांबवली की तोंडभर बारीक लाल पुरळ. परत लावली की शांत. लावताही येईना, सोडताही येईना. आणि लग्नसराई जवळ आलेली. तिच्या वर्षाची निम्मी कमाई त्या दिवसांत होते. लाल तोंडाची पार्लरवाली नवरीला कोण दाखवणार?

दवाखान्यात ती स्टोल गुंडाळून बसली होती, फक्त डोळे उघडे.

"किती दिवस लावताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे?"

"रोज," मी म्हणाले.

"आक्के, तू गप बस."

बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. "ह्यात स्टेरॉइड आहे. थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली ठीक. तुम्ही तर भाकरीला तूप लावावं तसं लावलंय. बंद करायची. आधी तोंड भडकेल, मग शांत होईल."

"कधी शांत होईल?"

"नक्की सांगता येत नाही. काही आठवडे. काहींना महिने लागतात."

"मॅडम, माझ्या ऑर्डरी आहेत हो."

मी प्रश्न लिहूनच नेले होते. कागद बाहेर काढला तसं बहिणीनं कपाळाला हात लावला.

"लेसरनं वांग जातो का?"

"काहींचा कमी होतो. काहींचा परत येतो. आपल्या कातडीवर कधीकधी आधीपेक्षा काळा होऊन येतो."

"कोणाचं काय होणार, हे आधी कळतं?"

"खात्रीनं नाही कळत."

"पील करून सोलून काढलं तर?"

"पुष्कळ जण करतात. कितीदा करायचं, किती जोरात, मध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, ज्याचा त्याचा अंदाज."

"आणि हिचा लेप?"

"तो कोणी तपासलेलाच नाही."

"मी तपासलाय की," बहीण स्टोलच्या आतून म्हणाली. "इतकी वर्षं गिऱ्हाइकांवर."

"कोणाचा वांग गेला?"

बहीण पंख्याकडे बघायला लागली.

"मग मॅडम, तुम्हाला नक्की माहीत तरी काय आहे?" हे मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"ट्यूब बंद करायची आणि ऊन टाळायचं, एवढं नक्की," बाई म्हणाल्या. त्यांनी साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि काही गोळ्या लिहून दिल्या. बाकी काहीही तोंडाला लावायचं नाही, लेपसुद्धा नाही. निघताना त्यांनी सहज सांगितलं की त्वचेचे अभ्यास करताना कधीकधी अर्ध्या तोंडाला एक औषध लावतात आणि अर्ध्याला दुसरं. माणूस तोच, जेवण तेच, काळजी तीच. फरक पडला तर औषधाचा.

ह्या गोष्टीनं मी पार भारून गेले. आमच्या क्वालिटीवाल्यांनाही इतकं सरळ कधी सुचलं नसतं. परमेश्वरानं बाईला दोन गाल उगाच दिलेले नाहीत, असं मी रस्त्यातच बहिणीला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण पार्लरमध्ये बसून विचार केल्यावर तिलाही ते पटलं, आणि तिच्या कारणासाठी पटलं. तोंड लाल होणारच होतं. गिऱ्हाईक विचारणारच होतं. "प्रयोग चालू आहे" असं सांगितलं तर निदान मान खाली घालायला नको. तिच्या रोजच्या गिऱ्हाइकांतल्या तीन वांगवाल्या तिनं लगेच जमवल्या. त्यातली एक भाजी बाजारातली मावशी, एक शाळेत शिकवणाऱ्या बाई आणि एक शेजारची तरणी सून. नियम मी केले. डाव्या गालाला लेप, उजव्याला काही नाही. सनस्क्रीन दोन्हीकडे. दर रविवारी मी शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एसटीनं येणार आणि एकाच भिंतीपुढं, एकाच खिडकीच्या उजेडात सगळ्यांचे फोटो काढणार. बहिणीनं लेपाशिवाय राहायला साफ नकार दिला. डॉक्टरीणबाईंचं तिनं ऐकलं नसतंच, म्हणून मी म्हणाले, निदान एकाच गालावर लाव. ती तयार झाली, फार लवकर तयार झाली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या रविवारी शाळेच्या बाई आल्याच नाहीत. लेपातल्या हळदीनं त्यांचा एकच गाल पिवळा पडला होता आणि वर्गात पोरांनी विचारलं होतं, बाई, सरांनी एकाच बाजूनं हळद लावली का? त्या प्रयोगातून बाहेर पडल्या.

भाजीवाल्या मावशी आल्या, पण त्यांचं बसायचं ठिकाण असं की सकाळभर ऊन उजव्या अंगाला. त्यामुळं उजवा गाल रापलेला, डावा जरा बरा. "लेपानं गुण आला!" बहीण म्हणाली. मी म्हणाले, "लेपानं नाही, भिंतीच्या सावलीनं." मावशींना मी दुकानाची दिशा बदलायला सांगितलं.

"आवं, तिकडं त्वांड केलं तर गिऱ्हाइकाकडं पाठ व्हती. मी काय रस्त्याला भाजी इकू का भिंतीला?"

शेजारची सून मात्र न चुकता यायची. तिच्या दोन्ही गालांचा रंग दर आठवड्याला अगदी सारखा. मला हे फार शास्त्रीय वाटलं. लेपानं काहीच होत नाही, हे सिद्ध होत आलं होतं. मग चौथ्या का पाचव्या रविवारी फोटो काढताना तिच्या उजव्या कानाजवळ मला पिवळी रेघ दिसली.

"उजव्याला पण लावलास?"

ती लाजली. "लावते थोडा."

"अगं, नियम काय होता?"

"आत्याबाई म्हणल्या."

आत्याबाई कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग? एकीला द्यायचं न् एकीला न्हाई, ही कुठली रीत? घरात दोन सुना असल्या तर साडी दोघींना घ्यावी लागती. न्हाई तर धाकटी रुसती."

"आत्याबाई, ते गाल आहेत."

"गाल झाले म्हणून काय झालं? एकाच तोंडात नांदत्यात न्हवं?"

त्या दिवसापासून पार्लरमध्ये डावा थोरला आणि उजवा धाकटा झाला. कोणीही आलं की विचारायचं, थोरलीचं कसं आहे, धाकटी काय म्हणते? माझा प्रयोग तिथंच मेला, पण पार्लर भरलेलं राहायला लागलं. बहीण स्टोल सोडून बसायला लागली. हे मला चांगलं लक्षण वाटलं.

आणि खरंच, सगळ्या गोंधळात एकीच्या फोटोंत फरक स्वच्छ दिसत होता. ती बहीण. उजव्या गालावर सुरुवातीला लाल पुरळ, नुसता भडका. डावा मात्र नितळ, चकचकीत. डाव्यालाच तर लेप होता. मला आतून उकळ्या फुटल्या. म्हणजे भडकलेल्या कातडीला लेप चालतो! जे पुस्तकात नाही ते दौंडच्या एका गाळ्यात सापडलं! डॉक्टरीणबाईंना फोटो पाठवायची मी तयारी केली. त्याआधी जेवून घ्यावं म्हणून बहिणीच्या घरी गेले.

ती भाकरी करत होती. तव्यापुढं बसली होती वाकडी, मान डाव्या खांद्याकडे वळवलेली. डावा गाल मुद्दाम आगीपासून लांब धरलेला. मध्येच पदरानं त्यालाच वारा घालायची.

"मान अवघडलीय का?"

"न्हाई. गाल भाजतोय."

"कोणता?"

"डावा."

"लेपवाला? तो तर बरा आहे ना?"

ती भाकरी थापत राहिली. मग हात थांबला. "आक्के, ओरडणार नसशील तर सांगते."

"ओरडणार."

"मग न्हाई सांगत."

"सांग."

झालं असं होतं की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ही त्याच्या उजव्या हाताला उभी राहते. सामानाचा रॅक त्याच बाजूला. तिथून वाकली की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तिचा डावा गाल. उजवा भिंतीकडं. म्हणून तिनं डाव्याला ट्यूब चालू ठेवली होती, रोज, वरून लेपाचं बोट फिरवून. उजव्याला मात्र इमानदारीनं बंद. गिऱ्हाइकाला दिसणारी बाजू दुकानाची, न दिसणारी डॉक्टरची.

मी खूप ओरडले. भाकरी करपली. आत्याबाई बाहेरून म्हणाल्या, "ह्या दोघींना शिकवून काय उपेग झाला न्हाई."

ओरडून झाल्यावर मी तिला खिडकीशी नेलं आणि मोबाइलमधले फोटो एकामागून एक दाखवले. दुरून पाहिलं तर डावा देखणा. जवळ आणला की त्यावर लाल बारीक रेघांचं जाळं, कातडी पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. उजव्यावरचा भडका दर आठवड्याला उतरत गेलेला. आता तिथं वांग होता, जुनाच, तपकिरी, थोडाही न हललेला. पण लाली नव्हती.

"उजवा भाजतो का?"

ती परत चुलीपाशी गेली आणि तिनं उजवा गाल तव्याकडे नेला. थोडा वेळ तिथंच धरला. "न्हाई गं," ती म्हणाली. आणि परत एकदा धरून पाहिला.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाईंनी फोटो पाहिले, मग बहिणीकडे पाहिलं, मग हसू दाबलं. "ह्याला खोटारडेपणा म्हणायचा की संशोधन, मला कळत नाही."

"दोन्ही," मी म्हणाले.

"एका बाईवरून नियम होत नाही, हे लक्षात ठेवा. वेगळ्या कातडीचं वेगळं होऊ शकतं."

"होऊ द्या," बहीण म्हणाली. "मला कुठं दहा तोंडं आहेत? हे एकच आहे, आणि त्याचं मला कळलं."

ट्यूब तिनं त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. अडचण एवढीच होती की आता भडकायची पाळी डाव्या गालाची, दुकानाच्या गालाची. आणि दोनच आठवड्यांवर केंदूरची ऑर्डर होती. ती माझ्याच ओळखीतली, कारखान्यातल्या मैत्रिणीच्या भाचीचं लग्न. हळदीचा आणि लग्नाचा, दोन्ही दिवस नवरी तयार करायची. नवरीच्या घरी नाव झालं तर त्या पट्ट्यातली पुढची कामं मिळणार, नाही झालं तर माझी मैत्रीण मला डबा खाताना सोडणार नाही.

"ऑर्डर सोडू का?" बहिणीनं फोनवर विचारलं. डावा गाल तेव्हा ऐन रंगात आला होता.

मला तिला धीर द्यायचा होता, पण मला खोटं पटकन जमत नाही. "तुझं तू ठरव. ट्यूब परत आणायची नाही, एवढंच माझं म्हणणं."

ती गेली. मदतीला मी गेले. स्टोल तिनं गाडीतच ठेवला. केंदूरच्या त्या घराच्या माजघरात बायकांची गर्दी होती. सगळ्यांनी एकदम तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदम दुसरीकडे पाहिलं. नवरीच्या थोरल्या चुलतीनं मात्र दुसरीकडे पाहिलं नाही. जाड बिल्लोराच्या बांगड्या, तोंडात पान.

"व्हय गं बाई, पार्लरवालीच्याच तोंडाची ही तऱ्हा, मग आमच्या पोरीचं काय करणार?"

बहिणीनं पेटी उघडली, ब्रश ओळीनं मांडले.

"मामी, पोरीला मेकअप करायचाय. माझं तोंड काढून तिला लावायचं न्हाई."

कोणीतरी खुदकन हसलं. चुलती हसली नाही. "पण झालंय काय त्ये तर सांग."

"मेडिकलची ट्यूब लावत होते, गोरी दिसायला. सोडली. त्याचा हा राग आहे."

नवरी खुर्चीत बसली होती, तिनं आरशातून बहिणीकडे पाहिलं. ती कारखान्यात कामाला जाणारी पोरगी, धीट. "ताई, दोन आठवड्यांपासून मी पण एक लावतेय. हळदीला ग्लो यावा म्हणून."

"कुठाय? दाखव."

तिनं पर्समधून ट्यूब काढली. बहिणीनं ती उजेडाकडे धरून बारीक अक्षरं वाचली, अगदी डॉक्टरीणबाईंसारखे डोळे बारीक करून, आणि माझ्या हातात दिली. नाव निराळं होतं. आतलं तेच होतं.

आता नवरीची आई पुढं आली. "मग काय, लग्नाच्या तोंडावर पोरीच्या तोंडाला डाग पडायचे का? कसं करायचं?"

मला वाटलं, बहीण आता लेपाची डबी काढणार. डबी पेटीतच होती, मी पाहिली होती. तिनं डबी बाजूला सारली.

"दोन आठवडेच झालेत ना? मग फार काही होणार न्हाई, असं वाटतं. पण मी डॉक्टर न्हाई. मी नंबर देते, आत्ता फोन करा, त्या सांगतील कशी सोडायची. ग्लो मी आणते, माझ्याकडं बेस आहे. तो रात्री धुता येतो."

फोन लागला. डॉक्टरीणबाई काय बोलल्या ते नवरीच्या आईनं मान हलवत ऐकलं. मेकअपला उशीर झाला म्हणून हळद तासभर पुढं गेली आणि नवऱ्याकडच्यांनी कुरकुर केली. कुरकुर होतच असते. नवरी छान दिसली. बहिणीचं काम चांगलं आहे, त्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

पुढच्या ऑर्डरी केंदूरकडून आल्या नाहीत. चुलतीनं गावभर सांगितलं की दौंडची पार्लरवाली नवरीच्या पर्सा तपासते. माझ्या मैत्रिणीनं डबा खाताना मला खरोखरच सोडलं नाही. बहिणीनं लेप विकायचा बंद केलेला नाही, पण वांगवालीला देत नाही. मऊ वाटतं, छान वास येतो, एवढं सांगून देते, आणि ते तिला माहीत आहे.

त्या हळदीच्या दिवशी काम संपल्यावर ती अंगणातल्या नळाखाली तोंड धुवायला बसली. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. उजव्या गालावर पाणी मारलं आणि पुसलं. डाव्यावर मारलं तसं "आई गं" म्हणाली आणि परत मारलं.

"फार झोंबतंय का?"

"झोंबतंय." ती तशीच ओली उठली. "धाकटा झाला शांत. थोरला पण होईल की. सनस्क्रीन कुठं ठेवलंस?"

मी तिला ट्यूब दिली. तिनं उघडण्याआधी तीही उलटी करून वाचली.